छप्पर उडालं तर म्हणे हात लावू नका!

पाऊस जवळ आला की सोसायट्यांच्या आणि गावठाणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. मथळा ‘वादळात छप्पर उडालं? विम्याचं सत्य जाणून घ्या’, खाली सात मुद्दे आणि शेवटी ‘जनहितार्थ पुढे पाठवा’. मुद्दे थोडक्यात असे: पत्र्याच्या नि कौलांच्या घराला विमा नसतो. वादळ ही देवाची करणी, तिचे पैसे मिळत नाहीत. चोवीस तासांत कळवलं नाही तर दावा बुडाला. सर्व्हेअर (नुकसानाची पाहणी करणारा) येईपर्यंत छपराला हात लावायचा नाही. दावा करतोच आहोत तर जुनी गळतीही त्यात बसवून घ्यायची. विमा घराच्या बाजारभावाएवढाच हवा. आणि कंपनी नाही म्हणाली की कोर्टाशिवाय इलाज नाही.

१३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात भांडुप गावातल्या आईच्या घराचे अकरा पत्रे गेले. त्याच वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली, त्यापुढे आमचं नुकसान बोलून दाखवण्याजोगंही नव्हतं. पण दाव्याचे कागद मी स्वतः फिरवले. त्यामुळे हा मेसेज आला की माझ्याने गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा चौथा, म्हणून तोच आधी घेतो. छपराला हात लावू नका. वारा थांबला, पावसाचा शिडकावा सुरू झाला, आणि शेजारचे काका खालून ओरडत होते, “काही हलवू नका रे, पुरावा जाईल!” वर आभाळ उघडं, खाली गादी, कपाट, टीव्ही. विमा पॉलिसीत उलट अट असते: नुकसान आणखी वाढू नये म्हणून शक्य ते सगळं विमाधारकाने करायचं. तुम्ही हातावर हात ठेवून बसलात आणि त्या रात्रीच्या पाण्याने घर भिजलं, तर ते नुकसान वाऱ्याचं की तुमच्या आळसाचं, असा प्रश्न कंपनी विचारू शकते आणि तो रास्तही असतो.

फक्त क्रम सांभाळायचा. आधी फोटो: समोरच्या गच्चीवरून पूर्ण छपराचा, मग प्रत्येक उघड्या भागाचा, मग आत पडलेल्या पाण्याचा. मग ताडपत्री. ताडपत्री, दोरी, माणसाची मजुरी, सगळ्याची बिलं ठेवायची. पक्कं काम मात्र पाहणी झाल्यावर. आणि उडालेले पत्रे भंगारवाल्याला द्यायचे नाहीत, तो सकाळी सकाळी दारात उभा राहिला तरी.

हे शेवटचं का, ते मला सर्व्हेअरने शिकवलं. चौथ्या दिवशी तो आला. छपराकडे त्याने जेमतेम पाहिलं आणि थेट भिंतीला टेकवलेल्या पत्र्यांच्या थप्पीकडे गेला. एक पत्रा ओढला, जे-बोल्टच्या, म्हणजे पत्रा धरून ठेवणाऱ्या आकड्याच्या, भोकाभोवती अंगठा फिरवला. “हे बघा, फाटलंय. कडा चकचकीत आहे, म्हणजे वाऱ्याने ओढून नेलाय.” मग दुसरा. त्याचं भोक गंजून बशीएवढं झालेलं, वॉशरचा पत्ताच नाही. “हा साध्या पावसाळी वाऱ्यातही गेला असता, दादा.” अकरापैकी नऊ त्याने धरले, दोन सोडले. त्यातल्या एकाबद्दल मी तेव्हाही भांडलो आणि अजूनही माझंच बरोबर होतं असं मला वाटतं. पण ते पत्रे जागेवर नसते तर मी कशाच्या जोरावर नऊ मागितले असते? सगळा दावा त्या भोकांवर उभा होता.

आता पाचवा मुद्दा आपोआप निकालात निघतो. जुनी गळती बसवून घ्या म्हणे. घराच्या विम्यात घटना नावानिशी लिहिलेल्या असतात: आग, वीज, वादळ, चक्रीवादळ, पूर, भूकंप, दरड वगैरे. वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी ही त्यातली घटना नाही. भिंतीवरचे पिवळे चट्टे, एकावर एक मारलेले डांबराचे थर, कोपऱ्यातलं शेवाळ, हे एका दुपारीत तयार होत नाही हे कुणालाही दिसतं. त्यात खोटं घुसडलं तर खऱ्या नऊ पत्र्यांवरही संशय येतो. खोटा दावा हे पूर्ण दावा फेटाळायला पुरेसं कारण आहे. अशा मेसेजांमुळे सरळ माणसं अडकतात, याचा मला खरंच राग येतो.

स्लॅबच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गच्चीतून गळतंय तर आधी विमा कंपनीकडे नाही, सोसायटीकडे जा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांत, पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची आहे. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं त्या गळतीने खराब झालेलं छत आणि त्याचं प्लास्टर हेही त्यातच येतं. सेक्रेटरींना हे ठाऊक नसतं असं नाही. ते आठवत नाही, एवढंच.

पत्र्याच्या, कौलाच्या घराला विमाच नाही, हा पहिला मुद्दा अर्धवट ऐकीव माहितीतून आलेला आहे. विमा व्यवसायात ‘कच्चं बांधकाम’ म्हणतात ते गवत, झावळ्या, बांबू, लाकडी फळ्या, प्लॅस्टिक, ताडपत्री असल्या भिंतींच्या किंवा छपराच्या घराला. लोखंडी पत्रा, सिमेंटचा पत्रा, मंगलोरी कौल त्या यादीत नाही. खरी भानगड फॉर्ममध्ये होते. फॉर्म एजंट भरतो, छपराच्या रकान्यात सवयीने ‘स्लॅब’ लिहितो, आपण न वाचता सही करतो. दाव्याच्या वेळी तोच रकाना आडवा येतो. पॉलिसी घरात असेल तर आजच काढा आणि छपराचा रकाना बघा. पावसाळ्यापुरती टाकलेली ताडपत्रीची शेड घराच्या विम्यात धरून चालू नका.

आता दुसरा मुद्दा, देवाची करणी. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या विमा नियामकाने ठरवून दिलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि तिच्यात वादळ, चक्रीवादळ, पूर हे सगळं मुळातच आहे. दीडच महिन्यात, १७ मे २०२१ ला, तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं आणि कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरवर गेला. देवाच्या करणीचे पैसे द्यायचे नसते तर घराचा विमा कुणी कशाला घेतला असता? इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं संरक्षण त्यात आपोआप मिळतं. भिजलेली गादी आणि टीव्ही लोक मागायचे विसरतात. आम्हीही विसरणार होतो.

भरपाई दुरुस्तीच्या खर्चाची असते, हेही ध्यानात असू द्या. साधा सिमेंटचा पत्रा गेला आणि आपण हौसेने रंगीत पत्रा टाकला, तर वरचा फरक आपल्या खिशातून.

चोवीस तासांच्या मुद्द्यावर तर मी हसलो. नुकसान झाल्याचं लवकरात लवकर कळवायचंच, फोन करून आणि शिवाय ईमेलने, म्हणजे तारखेची नोंद राहते. पण उशीर झाला एवढ्याच कारणावरून, तोही टाळता न येणारा असेल तर, दावा फेटाळू नये असं नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे. आणि चोवीस तासांचा आकडा आहे कुठे? जून २०२४ च्या परिपत्रकात, कंपनीसाठी. दावा कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळवायचा, अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. कागदपत्रं नाहीत म्हणून दावा नाकारायचा नाही, हेही त्यात आहे. कंपनीच्या मानेवरचं जोखड कुणीतरी उचलून आपल्या मानेवर ठेवलं आणि जनहितार्थ पुढे पाठवलं. आमचं प्रकरण हे परिपत्रक येण्याच्या महिनाभर आधीचं, म्हणून चौथ्या दिवसाची वाट पाहावी लागली.

बाजारभावाचं फार ताणत नाही. मुंबईत घराच्या किमतीत बराचसा भाव जागेचा असतो आणि जागा काही वाऱ्याने उडत नाही. विम्याची रक्कम धरायची बांधकामाच्या खर्चावर. ४०० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) आणि बांधकामाचा दर समजा ३,००० रुपये, तर १२ लाख. घर दीड कोटीला विकलं जात असलं म्हणून दीड कोटीच्या विम्याचा हप्ता भरणं म्हणजे कंपनीला दान.

आता कोर्ट. त्याआधी विमा लोकपाल आहे, ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद सोडवणारा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षभराच्या आत लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, उलट चालतच नाही. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे जातात, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला पटला नाही तर आपली पुढची वाट मोकळी. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर आहे.

आम्ही एका पत्र्यासाठी तिथवर गेलो नाही. नऊ पत्र्यांचे, मजुरीचे आणि ताडपत्रीचे पैसे जुलैत आले. वादातला तो पत्रा आईने मोरीबाहेरच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून टाकलाय आणि शेजारचे काका अजून विचारतात, “हा पुरावा ठेवलाय का?”