निकाल आपला, वसुली परक्या कोर्टात

मी लंडनमध्ये दिवाळखोरीच्या प्रकरणांचे हिशेब तपासते. भारतातून फोन करणाऱ्याला हे ठाऊक असलं, की विचारपूस झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो : मल्ल्या आणि नीरव मोदीला परत कधी पाठवणार? मराठी वाहिन्यांवरचा संध्याकाळचा वादही याच प्रश्नाभोवती फिरतो. सरकारने त्यांना पळू दिलं, असं एक बाजू म्हणते. सरकारनेच त्यांना सळो की पळो करून सोडलं, असं दुसरी म्हणते. ब्रिटन चोरांना आसरा देतं, यावर मात्र दोन्हीकडचं एकमत असतं. मला ते पटत नाही. आणि माणसाला धरून आणायच्या नादात पैसा कुठे आहे, कोणाला मिळाला, किती राहिला, हे विचारायचंच आपण विसरलो आहोत, याची मला जास्त काळजी वाटते.

किंगफिशर विमान कंपनीचे मालक विजय मल्ल्या २ मार्च २०१६ रोजी भारतातून बाहेर पडले. त्या कंपनीच्या थकलेल्या कर्जापोटी स्टेट बँकेच्या पुढाकाराखालच्या बँकांच्या गटाला बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये ६,२०३ कोटी रुपये आणि त्यावर साडेअकरा टक्के व्याज वसूल करायचा आदेश दिला. हा आदेश इंग्लंडच्या उच्च न्यायालयात नोंदवला गेला आणि मल्ल्या यांची जगभरातली मालमत्ता गोठवण्याचा हुकूम निघाला. तो रद्द करावा ही त्यांची मागणी मे २०१८ मध्ये न्यायालयाने फेटाळली. पुढच्याच महिन्यात हर्टफर्डशायरमधल्या ट्यूइन गावातल्या त्यांच्या घरात शिरून वस्तू तपासायची आणि ताब्यात घ्यायची परवानगी अंमलबजावणी अधिकाऱ्यांना मिळाली. कर्ज होतं की नव्हतं, हा खटला इथे नव्याने चालवावा लागला नाही. बेंगळुरूचा कागद लंडनमध्ये चालला.

माझे मामा सांगलीकडच्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी होते. ते म्हणायचे, "अगं, १०१चा दाखला मिळवणं सोपं, वसुली अवघड." सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा हा वसुली दाखला हातात आला तरी कर्जदाराच्या दारात उभं राहायला तलाठ्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांनी तो कागद मानावा लागतो. सीमेपलीकडची वसुलीही अशीच असते. फरक एवढाच, की तिथे तो कागद मानायचा की नाही हे दुसरा देश ठरवतो.

ब्रिटन आणि भारत एकमेकांच्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे मानतात. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम ४४अ त्यासाठीच आहे. सिंगापूर, हाँगकाँग, न्यूझीलंड या यादीत आहेत, जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही आहे. अमेरिका नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या कोर्टात पोटगीची रक्कम मंजूर झालेल्या बाईला ती पुण्यातल्या नवऱ्याकडून वसूल करायची असेल, तर त्या निकालाच्या आधारावर भारतात तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो. लाखो भारतीय जिथे राहतात त्या देशाबरोबर ही सोय नाही, आणि याबद्दल आपल्याकडे एक शब्द बोलला जात नाही.

हा कागद कोणाचा, यालाही महत्त्व आहे. लंडनमध्ये मल्ल्यांविरुद्ध धनको म्हणून बँका उभ्या राहिल्या, आयकर खातं नाही. त्याचं कारण जुनं आहे. दिल्लीला वीजपुरवठा करणाऱ्या एका इंग्लिश कंपनीकडे भारत सरकारचा कर थकला होता. कंपनी गुंडाळली जात असताना सरकारने त्या कराची मागणी केली. 'गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया विरुद्ध टेलर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९५५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, की परक्या सरकारचा कर आमची न्यायालयं वसूल करून देणार नाहीत. करार करून अपवाद केलेला नसेल तिथे तो नियम आजही टिकून आहे. तपासयंत्रणांनाही इथलं घर परस्पर जप्त करता येत नाही, इथल्या न्यायालयातूनच जावं लागतं. म्हणून "आमच्या तपासयंत्रणा लंडनची घरं जप्त करून आणतील" असं कोणी स्टुडिओत बसून सांगतं तेव्हा ते लोकांची फसवणूक करत असतं. बँकांना इथे दिवाणी वाट धरावी लागते. ती संथ आहे, खर्चिक आहे, आणि कर्जदारालाही हक्क देणारी आहे. मालमत्ता गोठवली असतानाही मल्ल्या यांना घरखर्चासाठी आठवड्याला १८,००० पौंडांच्या वर रक्कम काढायची मुभा होती. भारतात हे वाचून लोक खवळले, आणि तो राग मी समजू शकते. पण गोठवणं म्हणजे शिक्षा नव्हे. वसुली होईपर्यंत माल जागेवर राहावा एवढाच त्याचा हेतू, आणि जगण्याचा व वकिलाचा खर्च त्यातून सहसा वगळला जातो. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने मल्ल्या यांना दिवाळखोर घोषित केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये तो आदेश अपिलातही टिकला. चोराला आसरा देणारी व्यवस्था असं वागत नाही.

आता प्रत्यक्ष पैशाकडे वळू. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की मल्ल्या प्रकरणात बँकांना १४,१३१ कोटी रुपये परत मिळाले. यातला मोठा भाग लंडनहून आलेला नाही. ईडीने जप्त केलेले मल्ल्यांचे युनायटेड ब्रुअरीज या बिअर कंपनीतले शेअर जून २०२१ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणामार्फत हायनेकेनला विकले, त्या एका व्यवहारातच सुमारे ५,८२५ कोटी आले. पैसा भारतात होता आणि आपले डोळे हीथ्रोकडे लागले होते. भारतातल्या मालमत्तेचं काय झालं तेही बघा. विलेपार्ल्यातल्या किंगफिशर हाउसची राखीव किंमत मार्च २०१६ च्या लिलावात १५० कोटी होती. एकामागून एक लिलाव फसले आणि २०२१ मध्ये ती इमारत सुमारे ५२ कोटींना गेली. या घसरणीवर किती चर्चासत्रं झाली?

मल्ल्या म्हणतात की ६,२०३ कोटींच्या देण्यापोटी माझ्याकडून दुपटीहून अधिक घेतलं. हे अर्धसत्य आहे. २०१३ पासून साडेअकरा टक्के सरळ व्याज धरलं, तर आठ वर्षांत ती रक्कम ११,९०० कोटींच्या आसपास जाते. पण म्हणून बँकांनी हिशेब द्यायला नको, असं मला वाटत नाही. मुद्दल किती, व्याज किती, वकिलांवर किती गेले, कोणत्या तारखेला काय जमा झालं, हे सरकारी बँकांनी पानभर तक्त्यात छापावं. तो हिशेब मागायचा हक्क मल्ल्यांच्या आधी ठेवीदाराचा आहे. विमान कंपनी ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली तेव्हा पगार थकलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ३१२ कोटी मोकळे व्हायला डिसेंबर २०२५ उजाडलं. तोवर तेरा वर्षं गेली. ही रक्कमही भारतात जप्त झालेल्या शेअरांमधूनच आली.

हाच कायदा उलट दिशेनेही चालतो, आणि तिथे आपला सूर लगेच बदलतो. केर्न एनर्जी या एडिंबराच्या कंपनीने २००६ मध्ये स्वतःच्या भारतीय व्यवसायाची अंतर्गत फेररचना केली. २०१२ मध्ये संसदेने आयकर कायदा मागच्या तारखेपासून बदलला आणि त्याच्या जोरावर खात्याने १०,२४७ कोटींची मागणी लावली, कंपनीचे शेअर विकले, लाभांश अडकवला. डिसेंबर २०२० मध्ये हेगच्या लवादाने एकमताने भारताविरुद्ध निर्णय दिला : १२० कोटी डॉलर आणि व्याज. आपण पैसे दिले नाहीत. मग केर्नने न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियावर दावा लावला, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालकीच्या वीसेक मालमत्तांवर फ्रेंच न्यायालयाने बोजा चढवला.

तेव्हा मला भारतातून आलेल्या निरोपांत एकच शब्द होता : सार्वभौमत्व. मला तो युक्तिवाद तेव्हाही पटला नाही. ब्रिटनबरोबरच्या १९९४ च्या गुंतवणूक करारावर सही करणाराही सार्वभौम भारतच होता. लवादाच्या त्या तीन सदस्यांत भारताने नेमलेलाही एक होता. बेंगळुरूचा आदेश लंडनने मानावा असं ज्या तोंडाने म्हणायचं, त्याच तोंडाने हेगचा निर्णय धुडकावता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने ती करतरतूद मागे घेतली आणि पुढच्या वर्षी सरकारने सुमारे ७,९०० कोटी परत केले. हा शहाणपणा नऊ वर्षं उशिरा आला.

देवास ही खासगी कंपनी आणि इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स यांच्यातल्या उपग्रह कराराचा वाद मी याच तराजूत घालणार नाही. देवासचा पायाच फसवणुकीवर उभा होता, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं आहे, आणि तसं असेल तर सरकारने लढायलाच हवं. पण करार रद्द झाला २०११ मध्ये. फसवणूक दिसत होती तर ती लवादापुढे पहिल्या दिवसापासून ठणकावून मांडायला हवी होती. आता दावेदार देशोदेशी आपली मालमत्ता शोधत फिरतात, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर त्यांच्या बाजूने कौल दिला.

राहिला माणूस परत आणायचा प्रश्न. जुलै २०१८ मध्ये वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातल्या, मल्ल्यांना ठेवायचं होतं त्या बराक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागवलं. भर दुपारी खिडकीतून नैसर्गिक उजेड किती येतो, हे त्यांना बघायचं होतं. मुंबईत याची चेष्टा झाली. पण ते चित्रीकरण पाहिल्यावर, डिसेंबर २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने मल्ल्यांच्या प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल दिला. नीरव मोदीच्या प्रकरणातही २०२१ मध्ये तसाच निकाल आला. म्हणजे खोली नीट असली की निदान हा एक अडसर दूर होतो. ती नीट नसली तर काय होतं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसलं. शस्त्रव्यवहारांतले सल्लागार संजय भंडारी यांचं प्रत्यार्पण लंडनच्या उच्च न्यायालयाने नाकारलं. तिहारमध्ये खंडणीसाठी मारहाण होण्याचा खरा धोका आहे, हे त्याचं एक कारण होतं. २०२५ मध्ये नीरव मोदीच्या वकिलांनीही त्याच निकालावर बोट ठेवलं.

ब्रिटनचे तुरुंग काही आदर्श नाहीत. नीरव मोदीला ठेवलं होतं त्या वाँड्सवर्थ तुरुंगाबद्दल २०२४ मध्ये मुख्य निरीक्षकांनी तातडीचा इशारा दिला. पण तो इशारा त्यांनी स्वतः जाहीर केला, जगाला वाचता येईल असा. आपल्याकडे एका बराकीला रंग लावून बाकीच्या बराकींत क्षमतेहून कितीतरी जास्त माणसं कोंबलेली राहतात, आणि त्यांतले बहुतेक कच्चे कैदी असतात, ज्यांच्यासाठी कुठलंही परकं न्यायालय चित्रीकरण मागवत नाही. त्यांच्यासाठीही हे व्हायला हवं, आणि खरं तर त्यांच्यासाठी आधी व्हायला हवं.

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. मान्यता अजून दिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे विरून गेलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने त्याची पुन्हा शिफारस केली. परत कधी पाठवणार, असं मला फोनवर विचारणाऱ्यांनी हे विधेयक परत कधी मांडणार, असं आपापल्या खासदारांना एकदा पत्र लिहून विचारावं. बँकेच्या शाखेतही एक अर्ज द्यावा, वसुलीचा तक्ता मागणारा.