साबणाच्या फेसात शिसं दिसत नसतं हो!

मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज असा: ग्लासभर पाण्यात साबणाचा कीस टाकून हलवा, फेस नाही आला तर पाण्यात शिसं नाहीतर आर्सेनिक, फेस आला तर बिनधास्त प्या, लॅबवाले पण हेच करतात आणि वर पैसे उकळतात, आणि धातू निघालेच तर पाणी उकळून घ्या. झालं, इंदूरभरचे नातेवाईक साबण किसत बसलेत.

अहो, फेस येत नाही तो कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, म्हणजे पाणी जड आहे म्हणून. माळव्यातल्या काळ्या खडकातलं बोरिंगचं पाणी, ते जड असणारच. आता हिशोब बघा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. समजा जडपणा ४०० आहे आणि शिसं बरोब्बर मर्यादेवर, तर शिशाच्या एका कणामागे जडपणाचे ऐंशी हजारांवर कण झाले. साबणाला तो एकटा काय कळणार? आर्सेनिक तर पाण्यात ज्या रूपात असतं त्याला साबणाशी काही घेणंदेणंच नाही.

यात खरं घातक आहे ते 'फेस आला तर प्या'. मऊ पाण्याला मस्त फेस येतो आणि नेमकं मऊ, जरा आंबट पाणीच पाइपातलं, पितळी तोटीतलं शिसं जास्त ओढून घेतं. पीव्हीसी पाइपात प्लास्टिक बिघडू नये म्हणून शिशाचे स्टॅबिलायझर घालायचे, त्यावर केंद्राने २०२१ मध्ये नियम काढला, तो काय उगाच?

लॅबवाल्यांचं म्हणाल तर, हो बाबा, अर्धं खरं आहे. मँगनीजसारखा धातू किंचितसा असला तरी एखाद्या रंगाची रिअ‍ॅक्शन पळवतो, रंग किती वेगाने उडतो त्यावरून धातू किती ते काढतात, आणि त्यात योग्य सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाच्या जातीचा पदार्थ, घातला की त्याचे बारीक गोळे रंग आणि बाकीचे घटक जवळ आणतात, वेग वाढतो, आणखी कमी धातू मोजता येतो. पण तो शुद्ध, मोजून घातलेला, तापमान धरून, सोबत धातू नसलेला नमुना लावून. चुकीच्या विद्युतभाराचा (चार्जचा) घातला तर रिअ‍ॅक्शन उलट मंदावते. आणि फेस तिथे कोणी बघत नाही, बुडबुडे आले तर रीडिंगच बिघडतं!

उकळून धातू उडत नाहीत, पाणी उडतं, धातू उलट दाट होतात.

शंका असेल तर पीएचईच्या, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या, लॅबला विचारा, आणि 'शिसं तपासायचंय' असं स्पष्ट सांगा. नुसतं पाणी तपासा म्हटलं तर त्यात शिसं असेलच असं नाही.