डावीकडे गल्ली, उजवीकडे दिल्ली

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने ठाण्यात घोडबंदर रोडवर घर घेऊ नये. घेतलंच तर आपण बँकेत होतो हे शेजाऱ्यांना सांगू नये. मी दोन्ही चुका केल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीतली निम्मी वर्षं मी पासबुकं भरली आणि उरलेली लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्या. पण 96 फ्लॅटच्या आमच्या सोसायटीत 'बँकेत होत्या' याचा अर्थ 'रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नर होता होता राहिल्या' असा लावला गेला. तिसऱ्या महिन्यात मी सेक्रेटरी झाले. बिनविरोध. सोसायटीत बिनविरोध निवड म्हणजे बाकीचे वेळेवर पळालेले असतात.

लिफ्टशेजारी एक पांढरा फळा होता. त्यावर 'टाकी सफाई, पाणी बंद' एवढंच लिहिलेलं असायचं आणि टाकी साफ होऊन महिना उलटला तरी ते तसंच राहायचं. मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे गल्ली, उजवीकडे दिल्ली. डावीकडे पाणी, लिफ्ट, मानपाड्याची वाहतूक. उजवीकडे देशाच्या तिजोरीतलं असं काही, जे आपल्या खिशापर्यंत येतं. लोकांना शहाणं करून सोडावं, हा हेतू. निवृत्त माणसाचे हेतू फार चांगले असतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

1 फेब्रुवारी 2025 ला अर्थसंकल्प आला. मी उजवीकडे लिहिलं: नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, पगारदारांना 12 लाख 75 हजारांपर्यंत नाही. संध्याकाळी 703 खाली आले. (आमच्याकडे माणसांना नावं नसतात, नंबर असतात. लग्नपत्रिकेवर 'श्री. व सौ. 703' छापायचं तेवढं बाकी आहे.)

"मॅडम, माझे साडेअकराच होतात. पण त्यात थोडे शेअर विकलेले आहेत."

"शेअरच्या नफ्याला वेगळा दर असतो. त्याला ही सवलत नाही."

"मग तसं लिहायचं ना! मी घरी सांगून बसलो."

तसं लिहिलं असतं तर दिल्ली रेघ ओलांडून टाकी सफाईवर आली असती.

तोपर्यंत लोक मला बातमीदार समजत होते. 6 जूनला माझी बढती झाली. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बाकीच्या बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, एकदम अर्धा टक्का उतरवून 5.50 वर आणला, आणि मी तो उत्साहाने लाल मार्करने लिहिला. तासाभरात 1101 पेढे घेऊन दारात. त्यांचं गृहकर्ज इतकं लांब पल्ल्याचं आहे की ते फिटेल तेव्हा इमारत पुनर्विकासाला गेलेली असेल. "काकू, तुमच्यामुळे हप्ता उतरणार!" माझ्यामुळे काय, असं म्हणेपर्यंत पेढा तोंडात होता. तेवढ्यात 402 वर आले. 402 ठेवींच्या व्याजावर जगतात.

"सेक्रेटरीबाई, हे काय केलंत?"

मी पेढ्याआडून काहीतरी बोलले.

"फेब्रुवारीत पाव उतरवलात, मी गप्प बसलो. एप्रिलमध्ये पाव उतरवलात, तरी गप्प बसलो. आता अर्धा? माझ्या ठेवीची मुदत ऑगस्टमध्ये संपते, थोडा धीर धरवला नाही तुम्हाला?"

त्यांनी त्या पेढ्याकडे असं पाहिलं, की लाच घेताना पकडल्यासारखं वाटलं. एकच बातमी, एकच मजला उतरायचा अवकाश, आणि एका घरात दिवाळी तर दुसऱ्या घरात सुतक. तेव्हापासून मी मार्कर उचलण्याआधी जिन्याकडे पाहून घेते.

पण हे सगळं किरकोळ होतं. खरी कसोटी मेंटेनन्सची.

नियम असा आहे. फ्लॅटमागे महिन्याला 7,500 रुपयांपर्यंत मेंटेनन्स असेल तर त्यावर जीएसटी नाही. 2018 च्या जानेवारीपर्यंत ही मर्यादा 5,000 होती. सोसायटीची वर्षाची जमा 20 लाखांच्या आत असली तरीही सुटका आहे, पण आमची जमा तीन महिन्यांतच तिथे पोचते. आमचं मेंटेनन्स होतं 7,400. म्हणजे अख्खी सोसायटी कड्यापासून शंभर रुपये अलीकडे, पोट आत ओढून उभी. 7,501 झाले की 18 टक्के. आणि तेही वरच्या एका रुपयावर नाही, संपूर्ण 7,501 वर, असं 2019 च्या जुलैमधलं सरकारी परिपत्रक सांगतं. म्हणजे मेंटेनन्स मर्यादेपुढे एक रुपया नेला की कर 1,350 रुपये अठरा पैसे. ते अठरा पैसे मला विशेष झोंबतात.

खर्च काही पोट आत ओढून उभा राहत नाही. सिक्युरिटी वाढली, लिफ्टचा वार्षिक करार वाढला, आणि टँकर तर विचारूच नका. महापालिकेची पाणीपट्टी या 7,500 मध्ये धरत नाहीत. टँकरचे पैसे धरावे लागतात, असं आमचे सीए म्हणाले. म्हणजे जे पाणी हिशेबात नाही ते नळाला नाही, आणि जे टाकीत आहे ते सगळं हिशेबात आहे.

सप्टेंबर म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेचा महिना. 30 तारखेच्या आत ती घ्यावीच लागते. त्यातच 22 सप्टेंबरला माझ्या फळ्याचा कपिलाषष्ठीचा योग आला. घटस्थापना, जीएसटीचे नवे दर आणि मेट्रोची चाचणी, सगळं एकाच दिवशी. डावीकडे लिहिलं, 'गायमुख ते विजय गार्डन, मेट्रो चाचणी'. 'चाचणी'खाली दोन रेघा मारल्या. तरी 305 च्या आजी पर्स घेऊन तयार होऊन आल्या, तिकीट किती म्हणून विचारायला. उजवीकडे लिहिलं, 'साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्के. पाकिटातलं पनीर शून्य. वैयक्तिक आरोग्य विम्यावर शून्य.' फार गोड बातमी. हीच सहा दिवसांनी माझ्या अंगावर उलटणार होती.

28 सप्टेंबर, रविवार, सकाळी दहा. गणपूर्तीला वीस माणसं लागतात, आली होती अकरा. प्रथेप्रमाणे सभा तहकूब केली, अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरवली. मधल्या वेळात बटाटेवडे आले आणि वड्यांच्या मागोमाग साठ माणसं. त्या रात्री दुबईत भारत-पाकिस्तान अंतिम सामना होता, त्यामुळे "आटपा लवकर" हे सकाळपासूनच चाललेलं.

मी हिशेब मांडला. महिन्याला फ्लॅटमागे 7,700 लागतात. तेवढे घेतले तर करासकट 9,086 होतात.

क्षणभर शांतता पसरली. मग 703 उभे राहिले. "साबण स्वस्त, शाम्पू स्वस्त, पनीरला तर करच नाही, हे तुम्हीच लिहिलंत. मग मेंटेनन्स कसं महाग?"

"मेंटेनन्स म्हणजे साबण नाही हो."

"मग साबणात घाला!" मागून कुणीतरी. टाळ्या.

201 आणि 202 एकाच मालकाचे. त्यांचा प्रश्न होता, आमचे दोन्ही मिळून 7,500 च्या वर जातात, तर आम्ही आजच बुडालो का? सीए म्हणाले, नाही, मर्यादा प्रत्येक फ्लॅटला वेगळी. त्यांना हायसं वाटलं. ते पाहून बाकीच्यांना जरा वाईट वाटलं.

904 वकील आहेत. त्यांनी सांगितलं, की 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिलाय, कर फक्त 7,500 च्या वरच्या रकमेवर लागतो. सभेत जान आली. 402 म्हणाले, "मद्रास तिकडे आणि आपण कासारवडवलीला." त्यावर सोसायटीची नोंदणी चेन्नईला हलवता येते का, यावर दहा मिनिटं गंभीर चर्चा झाली. शेवटी तिथेही उन्हाळ्यात टँकरच लागतो, हे कळल्यावर ठराव बारगळला.

सीएंनी मग समजावलं, की कर लावला तर लिफ्टच्या करारावर, रंगकामावर आपण भरलेला जीएसटी त्यातून वजा मिळतो. "म्हणजे खर्च जास्त तर कर कमी?" 1101 ने विचारलं. "मग रंग काढून टाकू." रंगाचा अंदाजित खर्च ऐकल्यावर तेही बसले. एका वहिनींनी सुचवलं, 7,500 मेंटेनन्स ठेवा आणि वरचे दोनशे गणपतीच्या वर्गणीत घ्या, दर महिन्याला. सीएंनी कपाळाला हात लावला. खोटं कशाला बोलू, मला ती कल्पना चांगली वाटली होती.

अखेर ठराव झाला, मेंटेनन्स बरोबर 7,500, एक पैसा जास्त नाही. राहिलेले महिन्याचे 19,200 बागेचे दिवे लवकर मालवून आणि कारंजं कायमचं बंद ठेवून वाचवायचे. कारंजं तसं 2022 पासून बंदच आहे, हे कुणी बोललं नाही. मीही नाही. बाहेर वडे संपत आले होते.

1 ऑक्टोबरला सकाळी फळा पुसला. डावीकडे लिहिलं: 'मेंटेनन्स आजपासून 7,500'. दुपारी उजवीकडे लिहिलं: 'रेपो दरात बदल नाही, 5.50'. एवढ्या निरुपद्रवी ओळीने कुणाचं काय बिघडणार? मार्करला टोपण लावते तोच लिफ्टचं दार उघडलं आणि 402 आणि 1101 एकदमच बाहेर आले.

"वाढवला नाहीत?" 402.

"उतरवला नाहीत?" 1101.

सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते दोघे एका बाजूला उभे होते. माझ्या विरुद्ध बाजूला. मी काही बोलणार इतक्यात गेटकडून वॉचमन धावत आला.

"मॅडम, टँकरवाला म्हणतोय, डिझेलचं कारण आहे, आजपासून भाव वाढला." त्याने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कुठं लिहायचं? डावीकडं की उजवीकडं?"