‘आपला आफ्रिका होईल’ म्हणणाऱ्या काकांना

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, “इतके पक्ष हवेत कशाला? एकच ठेवा, नाहीतर आपला आफ्रिका होईल.” खाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय.

आफ्रिका म्हणजे कुठला देश हो काका? माझी शाळेची वर्षं झांबियात गेली. कॉपरबेल्टमध्ये, तांब्याच्या खाणींच्या गावात, बाबा तिथे शिक्षक होते. तुम्ही सुचवताय ते त्या देशाने करून पाहिलंय. १९६४ ला स्वातंत्र्य आणि १९७२ च्या डिसेंबरात कायद्यानेच एकपक्षीय राज्य. उरला फक्त राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडांचा पक्ष, युनिप. आणि संपवलं कुणाला? हॅरी न्कुम्बुलांच्या तिथल्या काँग्रेस पक्षाला, जिथे काउंडा स्वतः घडले. सायमन कापवेपवे तर त्यांचे बालमित्र, उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले, भारतात शिकून गेलेले. त्यांच्या पक्षावर त्याच वर्षी, कायद्याच्याही आधी बंदी आली होती. पुढे ते युनिपमध्ये परतले, १९७८ ला अध्यक्षपदासाठी उभे राहू पाहत होते, तर पक्षाचे नियमच बदलून टाकले.

निवडणुका मात्र दर पाच वर्षांनी व्हायच्या. राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार एक, काउंडा. मतदाराने हो म्हणायचं किंवा नाही.

आमच्या शेजारी बाबांच्या शाळेतले गणिताचे सर राहायचे. राजकारणावर बोलायचं झालं की कुंपणाशी येऊन आवाज खाली करायचे. १९९० च्या जूनमध्ये मक्याच्या पिठाचा भाव एकदम दुपटीच्या वर गेला आणि दंगली पेटल्या. नशिमा हे तिथलं रोजचं जेवण, ते त्याच पिठाचं. सरांच्या घरी मुलांना अर्धपोटी झोपवलेलं मी पाहिलंय. ते पाहिल्यावर मला कुणी एकाच पक्षाचे फायदे सांगायला येऊ नये.

मग काउंडांना इतर पक्षांना परवानगी द्यावी लागली. ३१ ऑक्टोबर १९९१. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भल्या पहाटे रांगेत उभे होते, मत कामगार नेते फ्रेडरिक चिलुबांच्या एमएमडी या नव्या पक्षाला. त्यांना संसदेत १५० पैकी १२५ जागा! सत्तावीस वर्षं राज्य केलेल्या माणसाने टीव्हीवर येऊन हार मान्य केली. सर आमच्याकडेच बघायला आले होते. ज्यांना पाडायला पहाटे उठले, त्यांच्यासाठी हा माणूस ढसाढसा रडला. बाबांनी पाण्याचा पेला हातात दिला, तो तसाच धरून म्हणत राहिले, “जातायत बघा. खरंच जातायत.”

हे लिहिताना माझेही डोळे भरून आलेत.

पुढचं सगळं गोडच झालं असं नाही, मान्य. चिलुबांनी १९९६ ला ‘आई-वडील जन्माने झांबियाचेच हवेत’ अशी अट घटनेत घालून काउंडांनाच निवडणुकीबाहेर ठेवलं. २००१ ला त्यांना तिसरी टर्म हवी होती. ती अडवली कुणी? चर्च, वकील आणि त्यांच्याच पक्षातल्या लोकांनी! २०११ ला एमएमडीही हरली. मायकेल साटांचा पीएफ पक्ष आला आणि एमएमडीचे राष्ट्राध्यक्ष रुपिया बांडांनी रडत रडत खुर्ची सोडली. पक्षांतरं आपल्यासारखीच, साटा स्वतः युनिप, एमएमडी करून आलेले. मतं जमातीवर पडतात, हेही खरं. पण आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

२०१७ ला राष्ट्राध्यक्ष एडगर लुंगूंच्या ताफ्याला वाट दिली नाही म्हणून विरोधी नेते हाकाइंदे हिचिलेमांवर देशद्रोहाचा खटला भरला, चार महिने तुरुंगात ठेवलं. २०२१ ला तेच राष्ट्राध्यक्ष झाले, सहाव्या प्रयत्नात. लुंगू हरले आणि पायउतार झाले. १९९१, २०११, २०२१. तीन वेळा सत्ताधारी पक्ष मतपेटीतून हरला आणि बाजूला झाला. जगात किती देशांना जमलंय हो हे?

आणि बाकीच्यांना बंद करणारा तो युनिप? २०२१ च्या संसदेत त्यांचा एकही खासदार निवडून आला नाही.

काका मनाने वाईट नाहीत, मला माहीत आहे. आमच्या आईला दवाखान्यात न्यायला हेच मध्यरात्री गाडी काढून आले होते. म्हणून ग्रुपवर भांडले नाही, इथे लिहितेय. पण काका, अंगठे देणाऱ्यांपैकी दोघांच्या मुलांची नावं नुकतीच मतदार यादीत आलीत. निदान त्यांच्या देखत असलं काही लिहू नका.