चासी नंबर स्वतः वाचा
जुनी गाडी विकत घेण्यावरच्या लेखात विक्रेत्याच्या सह्या आधी घ्या म्हटलंय, ते बरोबरच. पण पैसे देण्यापूर्वी बॉनेट उघडून, धूळ पुसून चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख क्रमांक) एकेक अक्षर गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी ताडून बघा. मी नाही बघितला. गाडी नावावर करायला गेलो तर अर्ज परत आला, आणि तोवर विक्रेता फोन उचलेना. महिनाभर गाडी नुसती उभी! या 17 अक्षर-आकड्यांच्या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू नसतातच, 1 आणि 0 शी गल्लत होऊ नये म्हणून. माझ्या कागदावर शून्याच्या जागी चक्क ओ छापलेला होता. आणि हो, गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला मूळ प्रतीतच मागा.