वरोऱ्याचा कोळसा विलायतेला गेला नाही : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

दर काही महिन्यांनी एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचं सार असं: ‘इंग्रजांनी चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यात वरोऱ्याला कोळसा शोधला, तो विलायतेला नेण्यासाठी वर्धा–वरोरा रेल्वे टाकली, खाण गोऱ्या कंपनीला नाममात्र भाडेपट्ट्यानं दिली, देशभरातल्या खाणींचंही असंच केलं आणि सगळं ओरबाडून निघून गेले.’ वसाहतकाळात शोषण झालं यात वाद नाही. पण या मजकुरातला तपशील चुकीचा आहे, आणि त्यामुळे खरं शोषण कुठं झालं तेच झाकलं जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘कोळसा विलायतेला गेला.’

१९१३ साली ब्रिटनमध्ये सुमारे २८ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला आणि त्यातला सात कोटी टनांहून जास्त परदेशी विकला गेला. त्याच वर्षी संपूर्ण हिंदुस्थानचं उत्पादन होतं सुमारे १ कोटी ६२ लाख टन. जगाला कोळसा विकणाऱ्या देशाला वरोऱ्याच्या कोळशाची गरज नव्हती. प्रवाह उलटा होता. कापूस आणि गहू न्यायला मुंबईला येणारी जहाजं येताना वेल्सचा कोळसा कमी भाड्यात घेऊन येत, त्यामुळे मुंबईच्या गिरण्यांना तो परवडायचा. तेव्हाच्या बंगालमधल्या (आता झारखंडातल्या) झरियाचा कोळसा मुंबईला पोचवायचा तर रेल्वेनं सुमारे बाराशे मैल. पुढे दक्षिण आफ्रिकेचा कोळसाही मुंबईत येऊन बंगालच्या कोळशाशी स्पर्धा करू लागला, आणि १९२५ साली इथून निर्यात होणाऱ्या कोळशाची प्रत ठरवण्यासाठी ग्रेडिंग बोर्डाचा कायदा करावा लागला. हिंदुस्थानातून बाहेर जाणारा कोळसा उत्पादनाच्या मानानं थोडा होता, आणि तो मुख्यतः कोलंबो-सिंगापूरकडे जायचा. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती इथलीच रेल्वे. एकूण कोळशातला सुमारे एक तृतीयांश तीच जाळायची.

वरोऱ्याच्या कोळशाबद्दल तर हा दावा तांत्रिकदृष्ट्याही टिकत नाही. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात ओलावा जास्त असतो. शंभर टन उचलले तर त्यातले दहा टनांच्या आसपास नुसतं पाणी. राखही बरीच. इंजिनात हा कोळसा टाकला की तेवढ्याच मैलांना जास्त लागतो, जाळीवर क्लिंकर, म्हणजे राख वितळून झालेला घट्ट थर, धरतो आणि फायरमनला आग वारंवार साफ करावी लागते. त्याहून मोठी अडचण म्हणजे तो आपोआप पेटतो. ताजा फुटलेला कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि गरम होतो. ढिगात चुरा आणि ढेकळं मिसळलेली असली की आत शिरणारी हवा कोळसा तापवायला पुरते, पण ती उष्णता बाहेर नेण्याइतकी खेळत नाही. तापमान एकदा सत्तर-ऐंशी अंशांच्या वर गेलं की ते थांबवणं कठीण. म्हणून असा कोळसा साठवताना ढीग फार उंच करत नाहीत, थर दाबून घेतात, आधी आलेला आधी उचलतात. ढीग तापलाच तर वरून पाणी मारून भागत नाही, उकरून पसरावा लागतो. असा कोळसा जहाजाच्या बंद तळघरात तीन-चार आठवडे कोंडून न्यायचा, तोही ज्या देशात उत्तम कोळसा बंदरालगत निघतो तिथं, हे कुठल्याच व्यापाऱ्यानं केलं नसतं.

‘रेल्वे फक्त कोळसा नेण्यासाठी टाकली.’

वर्धा ते वरोरा हा ४५ मैलांचा फाटा सरकारी पैशानं १८७० च्या दशकात बांधला गेला. नावही ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होतं, त्यामुळे कोळसा हा हेतू उघडच आहे. पण वाटेत हिंगणघाट आहे, कापसाची मोठी बाजारपेठ. वरोऱ्याच्या कोळशावर याच भागातली इंजिनं आणि गिरण्या चालल्या. जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल मुंबईऐवजी नागपूरला काढली, त्यामागे कापूस, रेल्वे आणि जवळचा वरोऱ्याचा कोळसा ही कारणं होती. परदेशी गेलेल्या मालाचा हिशेब मांडायचाच असेल तर याच रुळांवरून मुंबई बंदराकडे गेलेल्या कापसाच्या गाठींचा मांडा, तिथं मुद्द्याला वजन आहे.

‘खाण गोऱ्या कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली.’

वरोऱ्याची खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत सरकारनं स्वतः चालवली. कंपनीचं उदाहरण हवं असेल तर नरसिंहपूर जिल्ह्यातलं मोहपानी पाहा. तिथं नर्मदा कोल अँड आयर्न कंपनी १८६२ पासून खाण चालवत होती, गाडरवाऱ्याहून तिथं रेल्वेचा बारा मैलांचा फाटा गेला, आणि १९०४ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं ती खाणच विकत घेतली. उमरियाची खाण रीवा संस्थानातली. ती आधी सरकारनं चालवली आणि १९०० साली दरबारकडे सोपवली. एकाच काळात, शेजारशेजारच्या मुलखांत, तीन वेगळे कारभार.

‘देशभर कोळसा सरकारचा होता आणि सरकारनंच तो वाटला.’

हा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला आहे. मध्य प्रांतात मालगुजारांना, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकांना, जमिनीचे हक्क देताना सरकारनं खनिजं आपल्याकडे ठेवली, म्हणून चांदा जिल्ह्यात पट्टा देणारं सरकार. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्यामुळे (जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून देण्याच्या पद्धतीमुळे) जमिनीखालचा कोळसा व्यवहारात जमीनदाराचा राहिला. राणीगंज-झरियात खाणवाला जायचा तो झरियाच्या किंवा पंचेतच्या राजाकडे. आधी सलामी म्हणून एकरकमी पैसे द्यायचे, मग टनामागे रॉयल्टी, आणि कोळसा निघो न निघो, किमान रॉयल्टी. झरियात असे पट्टे ९९९ वर्षांचेही झाले. राजाला सलामी हवी म्हणून जमीन लहान लहान तुकड्यांत गेली. त्याचा परिणाम जमिनीखाली झाला. प्रत्येक तुकड्याला वेगळी चानक (खाणीत उतरायची उभी विहीर), वेगळा पंप, हद्दीवर अडकलेला कोळसा, आणि शेजाऱ्यानं उपसा थांबवला की त्याचं पाणी आपल्या खाणीत.

राणीगंजची खाण रेल्वेसाठी निघाली असंही लिहिलं जातं. कंपनी सरकारकडून परवाना घेऊन तिथं १७७४ सालीच काम सुरू झालं होतं. १८३६ साली द्वारकानाथ टागोरांच्या कार, टागोर अँड कंपनीनं राणीगंजची खाण विकत घेतली. दामोदरला पाणी असेल तेवढेच दिवस होड्यांनी माल कलकत्त्याला जाई, उरलेलं वर्ष तो काठावर पडून राही. रेल्वे राणीगंजला पोचली ती १८५५ साली. झरियापर्यंत तर ती १८९० च्या दशकात गेली, आणि त्यानंतरच झरिया वाढलं.

‘ओरबाडून निघून गेले.’

वरोऱ्याची खाण १९०६ साली काढण्याजोगा कोळसा संपला म्हणून बंद झाली, आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. रूळही पुढे तिकडे गेले, आणि १९२९ साली काझीपेटकडून येणारा मार्ग जोडला जाऊन दिल्ली–मद्रास हा सरळ रस्ता तयार झाला.

मग शोषण कुठं झालं? जीआयपी आणि ईस्ट इंडियन या रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर सरकारनं पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. तोटा आला तरी भागधारकाला व्याज मिळणार, आणि ते इथल्या करदात्याच्या खिशातून. सिंगरेणीच्या (आताच्या तेलंगणातल्या) कोळसाखाणींच्या बाबतीत निजामाच्या मुलखातले खनिजहक्क हैदराबाद डेक्कन कंपनीला दिले गेले. निजामाच्या वतीनं त्या कंपनीचे शेअर घेणारा अधिकारीच आतून ते शेअर विकणाऱ्यांपैकी निघाला. १८८८ साली ब्रिटिश संसदेच्या समितीला त्याची चौकशी करावी लागली.

जमिनीखाली कोळशाची नासाडी झाली. आधी गल्ल्या पाडून मध्ये कोळशाचेच खांब ठेवायचे आणि शेवटी मागं सरकत खांब काढायचे, ही पद्धत. घाईत बारीक ठेवलेले खांब चिरडतात, फुटलेल्या कोळशात हवा शिरते आणि तो पेटतो. झरियातली आग १९१६ पासून नोंदलेली आहे. पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरली तर हे टळतं, पण त्यासाठीचा कायदा आला १९३९ साली.

आणि कोळसा उचलला कोणी? टोपल्या डोक्यावर घेऊन रेल्वेच्या वाघिणी (मालडबे) भरणाऱ्या आणि खाली गल्ल्यांतही काम करणाऱ्या बायकांनी. जमिनीखाली त्यांना कामाला लावायचं नाही, असा नियम १९२९ मध्ये झाला आणि टप्प्याटप्प्यानं अमलात आला. १९४३ साली युद्धासाठी कोळसा कमी पडू लागला तेव्हा सरकारनं तो नियम स्थगित केला आणि बायकांना पुन्हा खाली उतरवलं. बंदी परत लागू झाली ती १९४६ साली.