वाढवणचा समुद्र मोकळा पडलेला नाही

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींत पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराबद्दल एक मेसेज जोरात फिरतोय: ‘वाढवण बंदर समुद्रात होणार, कुणाची जमीन जात नाही. विरोध बाहेरच्यांनी पेटवलाय. आपल्या गुजरातेत बंदरं झाली, कुणी ब्र काढला नाही.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी जमिनीचं. 76,220 कोटींच्या या प्रकल्पात 1,448 हेक्टर समुद्रात भराव पडणार आहे. ओहोटी लागली की वाढवणला खडकाचा लांबलचक पट्टा उघडा पडतो. बायका तिथे वाकून कालवं फोडतात, त्याच कपारींत मासळी वाढते. पुढे पाण्यात बोंबलासाठी डोली, म्हणजे पिशवीसारखी जाळी, लागतात. समुद्राचा सातबारा निघत नाही, म्हणून कोळ्याचं काही जात नाही असं कसं म्हणता? शिवाय बंदराच्या रस्त्याला आणि रेल्वेला जमीन लागणारच आहे.

‘बाहेरच्यांनी पेटवलं’ म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. डहाणू तालुका 1991 मध्येच केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये डहाणूच्या पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली त्याने 1998 मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये अटी घालून परवानगी दिली, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, हेही खरं. पण कागद बदलले म्हणून गावकरी उपरे ठरत नाहीत. पंचवीस वर्षांहून जास्त काळ ते एकच गोष्ट सांगताहेत.

आणि गुजरातेत कुणी बोललं नाही? हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. डहाणूच्या थोडं वर, आपल्याच वलसाड जिल्ह्यातल्या उंबरगावला बंदर येणार होतं. निवृत्त लेफ्टनंट कर्नल प्रताप सावे लोकांना घेऊन उभे राहिले. एप्रिल 2000 मध्ये त्यांना अटक झाली, कोठडीत त्यांची प्रकृती ढासळली आणि त्याच महिन्यात ते गेले. पोलिसांनी मारहाण केली, असा आरोप झाला. ते बंदर काही झालं नाही. कच्छमधल्या मुंद्र्याला बंदर झालं, पण तिथेही लोक गप्प नव्हते: तिथल्या खारफुटीच्या नुकसानीवर केंद्राने नेमलेल्या सुनीता नारायण समितीने 2013 मध्ये बोट ठेवलं आणि 200 कोटींच्या निधीची शिफारस केली. तक्रारी नसत्या तर समिती कशाला नेमली असती?

बंदर हवं असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी तसं जरूर म्हणावं. सरकार बारा लाख रोजगार सांगतं, त्यात डोल टाकणाऱ्याला नेमकं कोणतं काम मिळणार, तेही मग सांगावं. पण सावेंच्या गुजरातेत बसून ‘कुणी ब्र काढला नाही’ हे वाक्य पुढे पाठवू नका.